खरखर गेल्यावर

१

अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या डुलूथमध्ये जानेवारीच्या सकाळी गाडी एका झटक्यात सुरू झाली की माणूस दिवसभर खुशीत असतो. सोल्वेग टोलेफसनची गाडी त्या सोमवारी एका झटक्यात सुरू झाली. बाबांनी दारातला बर्फ आधीच ओढून टाकला होता, थर्मासमध्ये कॉफी भरून दिली होती, आणि मुख्य म्हणजे दोन्ही कानांतल्या मशीनबद्दल बरेच दिवस त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. आर्विड टोलेफसन म्हणजे लोहखनिज वाहणाऱ्या बोटींच्या इंजिनघरात जन्म काढलेला माणूस. कानही तिथेच घालवून बसलेला. ज्या गोष्टीबद्दल तो कुरकुरत नाही ती गोष्ट झकास, असं घरात धरलं जायचं.

मशीन सोल्वेग काम करायची त्याच कंपनीचं. कंपनी कसली, बंदराजवळच्या जुन्या विटांच्या गोदामात बसणारी मूठभर माणसं. त्यांच्या मशीनमध्ये एक बग होता आणि तो वर्षानुवर्षं सगळ्यांना पुरून उरला होता. खोली शांत झाली की कानात बारीक खरखर सुरू व्हायची, रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की होते तशी. गिऱ्हाईकं वैतागायची, डॉक्टर वैतागायचे. शेवटी पानगळ सुरू झाल्यापासून सोल्वेग त्या खरखरीच्या मागे हात धुऊन लागली आणि नाताळाच्या आधी तिने ती मुळापासून उपटून काढली. फिक्स, म्हणजे दुरुस्त केलेला प्रोग्रॅम, सगळ्या मशीनवर गेला त्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात एकदम थबकले होते. म्हणाले, “अगं, फ्रिज बोलतोय की!” आणि एवढी मोठी बाई असून सोल्वेग सिंककडे तोंड करून रडली होती.

तर त्या सोमवारी बाबा तिला निरोप द्यायला बाहेर आले, हात हलवला, आणि आत जाताना दार उघडं धरून उभे राहिले. मागून कोणी येत असेल तर दार धरून थांबायचं, ही तिथली रीतच. हाडं गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा लोक ती मोडत नाहीत. पण मागे कोणी नव्हतं. सोल्वेग आरशातून बघत होती. बाबांनी जरा वेळ वाट पाहिली, कोणी शेजारून गेल्यावर करतात तशी मान किंचित हलवली, आणि मग दार लावून घेतलं.

वय झालंय, असं म्हणून तिने गाडी रस्त्यावर काढली.

२

“आलीस? बस. आधी कॉफी घे, मग तुला शिव्या घालतो,” वेंडेल कोपेकी म्हणाला.

वेंडेलचं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि वर त्याचाच पगार घ्यायचा. चौकड्यांचा शर्ट घालणारा हा धिप्पाड गडी कंपनी निघाल्यापासून सोल्वेगशी भांडत आला होता. सख्ख्या भावंडांनी भांडावं तसं. दुपारी पुन्हा एका डब्यातून खायचे.

“आता काय झालं?”

“तुझ्या फिक्सने नवं लफडं करून ठेवलंय.”

“माझ्या? वा! कुठे खुट्ट झालं की खापर माझ्या डोक्यावर. खरखर गेली ना? मग?”

“खरखर गेली. तिच्या जागी दुसरंच आलंय. फिक्सच्या आधी अशी एक तक्रार नाही, फिक्सनंतर रोज फोन. आणि सगळे एकच सांगतात.” वेंडेलने कप खाली ठेवला. “शांत खोलीत डाव्या कानामागे कोणीतरी बोलायला तोंड उघडतं.”

“आणि?”

“आणि बोलत नाही.”

सोल्वेग खळखळून हसली. वेंडेल हसला नाही. त्याने सरळ फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे मिसेस ओजाला होत्या, उत्तरेकडच्या खाणींच्या गावातल्या, शाळेच्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या.

“मी तक्रारखोर बाई नाही हं,” त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. “माझ्या सुनेला विचारा हवं तर. पण हे बरं नाही. ओठ चिकटलेले असले आणि सुटले की कसा बारीक आवाज येतो? तसा येतो. मग जरासा श्वास आत. वाचनालयात पोरं यायची ना टेबलाशी, विचारू की नको विचारू करत, अगदी तसं. मी म्हणायची, बोल बाळा. आता मान वळवते तर मागे नुसती भिंत.”

“मशीन कोणत्या कानात घालता, मावशी?” सोल्वेगने विचारलं.

“उजव्या. डावा तर लहानपणीच गेला, गोवर आला होता तेव्हा. तोफ उडवलीत तरी त्याला कळायचं नाही.”

सोल्वेगने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेल छताकडे पाहत होता.

“मग आवाज डावीकडून येतो, हे तुम्हाला कसं कळलं?” तिने हळूच विचारलं. एकाच कानाने दिशा कळत नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

“हे तू मला विचारतेस?” बाई चिडल्याच. “मशीन तुम्ही बनवता की मी?”

फोन ठेवल्यावर सोल्वेग म्हणाली, “म्हातारं माणूस. मनाचे खेळ असतात.”

“इतक्या सगळ्यांच्या मनाचा एकच खेळ?”

“माझा कोड स्वच्छ आहे, वेंडेल. एकेक ओळ मी स्वतः तपासलीय. फिक्सचा याच्याशी काही संबंध नाही.”

“सिद्ध कर.”

“चल, आत्ता करते,” ती म्हणाली. तिला खरोखरच राग आला होता. आयुष्यात एक धड काम केलं, बाबांना फ्रिज ऐकू आला, आणि हा गडी ते मोडीत काढायला निघाला होता.

३

गोदामाच्या तळघरात मूक खोली होती. भिंतींना, छताला, दाराला आतून फेसाचे टोकदार ठोकळे, खाली तारांची जाळी. आत आवाज केला की तो तिथेच गिळला जायचा. फार वेळ आत बसायला कोणालाच आवडायचं नाही. थोड्या वेळाने स्वतःचं पोट ऐकू येतं, मग रक्त ऐकू येतं. मधोमध स्टुलावर एक रबरी डोकं ठेवलेलं, माणसासारखे कान असलेलं. त्याला सगळ्यांनी ‘ओले’ असं नॉर्वेजियन नाव ठेवलं होतं आणि थंडीत कोणीतरी त्याला विणलेली टोपी घालायचं.

सोल्वेगने टोपी काढली, ओलेच्या कानात नवी मशीनं बसवली आणि दार लावून बाहेर पडद्यावर बघत बसली. रेघ सपाट. ओठ नाहीत, श्वास नाही, काही नाही. बराच वेळ दोघं त्या सपाट रेघेकडे बघत राहिले.

“बघ!” ती म्हणाली. “ओलेच्या कानात चकार शब्द नाही. माग माफी.”

“ओले जिवंत नाही,” वेंडेल म्हणाला.

“म्हणजे काय?”

“म्हणजे काल मी स्वतः आत बसलो होतो.” त्याने मान खाजवली. “आता तू बस. मग मागतो माफी.”

ओलेच्या कानातली मशीनं स्वतःच्या कानात घालून ती बसली. हरायचं नव्हतं म्हणूनच बसली, दुसरं काही कारण नाही. दाराचा जाड ठोकळा आत सरकला आणि जगाचा आवाज कोणीतरी कापून घेतल्यासारखा बंद झाला. पोट बोललं. मग रक्त, सू-सू, सावकाश. सोल्वेगने ठरवलं, शांत बसायचं, मनात काही आणायचं नाही.

आणि मग डाव्या बाजूला, मागे, ओठ सुटले.

अगदी लहानसा आवाज. ओला. त्याच्या पाठोपाठ श्वास आत घेतल्याचा. आता कोणी बोलणार, असं वाटावं इतपतच, आणि पुढे काही नाही.

माझंच तोंड आहे, तिने स्वतःला बजावलं. थुंकी असते, जीभ हलते, मशीन ते मोठं करून ऐकवतं, यात काय मोठंसं! तिने दोन बोटांनी आपले ओठ घट्ट चिमटीत धरले आणि नाकाने श्वास घेणंही थांबवलं. छाती भरून आली. डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले.

पुन्हा ओठ सुटले. तिचे नव्हेत. तिचे तिच्या चिमटीत होते.

सोल्वेग घाबरली. साधं, लहान पोरासारखं घाबरली. पाठीमागे फेसाच्या भिंतीखेरीज काही नाही हे माहीत असूनसुद्धा तिला मागे वळवेना. ती तशीच, समोर बघत, उठली आणि दारावर थापा मारायला लागली. त्या थापांचासुद्धा आत काही आवाज झाला नाही.

“काय?” वेंडेलने दार उघडत विचारलं.

“माझ्याच तोंडाचा आवाज,” ती म्हणाली. तिने कानातून मशीनं ओढून काढली. “फिक्सचा काही संबंध नाही.”

“सोल्वेग.”

“आरोप तुझा आहे, सिद्धही तूच कर! जुनी व्हर्जनं काढ, एकेक तपास, आणि दाखव कुठल्या ओळीने बिघडवलंय ते.”

वेंडेलने तिच्या ओठांकडे पाहिलं. चिमटीचे लाल वळ उठले होते. 

४

त्या दुपारी ती लवकर घरी आली. घरात शिरल्या शिरल्या तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि काय ते ध्यानात यायला जरा वेळ लागला. टीव्ही बंद होता. बाबांचा टीव्ही म्हणजे गल्लीतल्या शेवटच्या घराला बातम्या कळायच्या. आता घरभर ऊन आणि शांतता.

बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मासेमारीचे गळ पुसत होते. तळ्यावरचा बर्फ जाड झाला होता, शनिवारी भोक पाडून बसायचा त्यांचा बेत होता.

“टीव्ही का बंद?”

“मध्ये मध्ये येतो तो.”

“कशाच्या मध्ये?”

 बाबांनी मान डावीकडे वळवली, कोणी हाक मारल्यावर सभ्य माणूस वळवतो तशी, थोडा वेळ तिथे पाहिलं, आणि मग पुन्हा गळ हातात घेतला.

तिने कालची हॉटडिश, खिमा-बटाट्याचा भाजलेला थर, गरम केली. ताटं मांडताना तिला दिसलं की बाबांच्या डाव्या हाताची खुर्ची टेबलापासून थोडी बाहेर ओढलेली आहे. तिने ती आत सारली. बाबांनी ती पुन्हा बाहेर ओढली.

“बाबा, तुम्हाला कोणाचा आवाज येतो का?” तिने शेवटी विचारून टाकलं.

“येतो की.”

“कोणाचा?”

“बोललं तर कळेल ना!” बाबांनी घास तोंडात घातला. मीठ कमी झालंय म्हणून सांगावं, इतक्या साध्या सुरात बोलत होते. “आधी जिन्याशी असायचं. मग दारात. आता इथवर आलंय.”

सोल्वेगने काटा ताटात ठेवला. “भीती नाही वाटत तुम्हाला?”

“वाटते,” बाबा म्हणाले. “घाबरून काय करू?”

“मशीन काढून ठेवा. आत्ताच्या आत्ता काढा.”

“मग तुझं बोलणं कसं ऐकू?” ते हसले. मग हसू गेलं आणि काट्याने बटाटे उगाच इकडचे तिकडे करत म्हणाले, “रात्री काढून ठेवतो ना, तेव्हा तर अजिबात बरं वाटत नाही.”

का, ते तिने विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्या वेळी तिच्या डोक्यात एकच घुमत होतं: हा आवाज बाबांच्या कानात जाता कामा नये.

५

वेंडेलने व्हर्जनं तपासायला घेतली. ही त्या धंद्यातली जुनी रीत. बिघाड कधी शिरला ते कळत नसेल तर आजचं आणि फार जुनं घ्यायचं, मधलं उचलून बघायचं. तिथे बिघाड असेल तर अजून मागे जायचं, नसेल तर पुढे. असं अर्ध्याचं अर्धं करत गेलं की शेवटी एक बदल हाताला लागतो, आणि त्या बदलाखाली कोणाचं तरी नाव असतं. वेंडेलला खात्री होती की नाव सोल्वेगचं निघणार. त्याच्याकडे साहित्यही होतं. प्रत्येक नवं व्हर्जन तो आधी स्वतःच्या कानात घालून मूक खोलीत बसायचा आणि ते रेकॉर्ड करून ठेवायचा. त्या जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर त्याने सोल्वेगच्याच पद्धतीने काढून टाकली आणि खाली काय उरतं ते ऐकत गेला.

गुरुवारी दुपारी तो तिला पार्किंगमध्ये भेटला. गाडीच्या इंजिनाला ऊब द्यायची वायर ती भिंतीतून काढत होती. हा कोट न घालताच बाहेर आला होता.

“जिंकलीस,” तो म्हणाला. “माफी मागतो. तुझा फिक्स निर्दोष आहे.”

सोमवारी हे ऐकलं असतं तर तिने त्याला गावभर मिरवलं असतं. आता तिने वायर हातातच धरून ठेवली.

“म्हणजे?”

“मागे मागे गेलो. सगळीकडे आहे. पहिल्या व्हर्जनमध्ये आहे. त्याच्या आधी, सॉफ्टवेअर नव्हतंच तेव्हा, नुसता माईक लावून बसलो होतो, त्यातसुद्धा आहे. कोणी बिघडवलंच नाही, सोल्वेग. ते आधीपासून होतं. खरखरीमुळे ऐकू येत नव्हतं, इतकंच.”

“पुन्हा बघ. तुझं काहीतरी चुकलं असणार.”

“माझं?”

“मग माझं चुकलंय! माझ्याच पद्धतीने काढलीस ना खरखर? त्या पद्धतीतच घाण असेल, तीच सगळीकडे दिसतेय तुला. वेंडेल, माझीच चूक असेल रे. अजून एकदा बघ ना.”

तिने त्याची बाही धरली होती. इतक्या वर्षांत तिने स्वतःची चूक कधी अशी पदर पसरून मागितली नव्हती. वेंडेललाही ते जाणवलं आणि तो आणखीच घाबरला.

“अजून एक आहे,” तो म्हणाला. “ते व्हर्जनवर नाही, माणसावर अवलंबून आहे. ज्याने मशीन जितके दिवस घातलंय त्याच्या तितकं जवळ. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ते खोलीच्या दाराबाहेर आहे. मग दाराच्या आत. मग...” त्याने डाव्या खांद्यामागे हात नेला, पण पुरता नेला नाही, मध्येच मागे घेतला. “ओजाला बाईंचं अजून भिंतीपाशी आहे. त्या नव्याच आहेत तशा. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक कोण गं आपलं?”

हे त्यालाही ठाऊक होतं. पहिलं मशीन, अजून वायरी लोंबत असताना, सोल्वेगने आपल्या हातांनी आर्विड टोलेफसनच्या कानात बसवलं होतं. तेव्हा तिघांनी मिळून केक कापला होता.

६

“थांबा, थांबा,” लोरेटा म्हणाली. कंपनी तिची, त्यामुळे शेवटचा शब्दही तिचाच. “सोमवारी हा म्हणत होता फिक्समुळे झालं आणि तू म्हणत होतीस नाही. आज तू म्हणतेस फिक्समुळे झालं आणि हा म्हणतो नाही. तुम्हा दोघांना झालंय तरी काय?”

“चूक माझी आहे,” सोल्वेग म्हणाली. “फिक्स मागे घ्या. आजच.”

“खोटं बोलतेय ती,” वेंडेल म्हणाला. “फिक्सचा दोष नाही. मागे घेऊन ते जाणार नाही, फक्त ऐकू यायचं थांबेल.”

“तेच हवंय मला!” सोल्वेग ओरडली. बाहेरची माणसं काम सोडून काचेतून बघायला लागली. “थांबू दे ना ऐकू यायचं! कोणाला हवंय ते ऐकायला?”

वेंडेल टेबलाकडे बघत राहिला. “मी तर ऐकत राहणार आहे,” तो हळूच म्हणाला. “कुठवर आलंय ते कळलेलं बरं.”

लोरेटाला यातलं अक्षर कळलं नाही. पण फोन वाजायचे थांबवायचे आहेत, एवढं तिला पक्कं कळत होतं. जिने फिक्स लिहिला तीच मागे घ्या म्हणते, मग वाद कशाला? त्याच दुपारी जुनं व्हर्जन सगळ्यांच्या मशीनवर परत गेलं आणि सगळ्यांच्या कानात खरखर परत आली. फोन थांबले. शुक्रवारी लोरेटाने लिंबाच्या वड्या भाजून आणल्या आणि सगळ्यांना वाटल्या.

वेंडेलने वडी घेतली नाही. त्याने आपलं टेबल ढकलत कोपऱ्यात नेलं आणि डावा खांदा भिंतीला चिकटवून बसायला लागला. कोणी विचारलं तर म्हणायचा, खिडकीतून वारा लागतो.

“ओजाला बाईंना फोन केला होता,” त्याने सोल्वेगला सांगितलं. “सुनेने उचलला. म्हणाली, आता काही तक्रार नाही. आता काही बोलतच नाहीत म्हणाली.”

“बरं आहे मग,” सोल्वेग म्हणाली आणि कोट घालून घरी निघाली.

७

शनिवारी लख्ख ऊन पडलं होतं. खिडकीतून गोठलेलं तळं असं चमकत होतं की डोळे मिटावेत. शेगडीवर कॉफी होती. टीव्ही पुन्हा ठणाणा करत होता. सोल्वेगला तो आवाज इतका गोड कधी लागला नव्हता. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, गरम कपाभोवती दोन्ही हात धरून बसले होते.

“मासे धरायला नाही गेलात?”

“नको वाटलं. बाहेर सगळीकडून मोकळं असतं.”

तिने टीव्ही बंद केला आणि त्यांच्या पुढ्यात येऊन, ओठ दिसतील असं मोठ्याने विचारलं, “तो आवाज आता येत नाही ना?”

“कसला येतो! तुझी खरखर आलीय परत.”

“बरं झालं, बाबा. सुटलो एकदाचे.”

“बरं काय झालं?” बाबा म्हणाले. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते थकलेले दिसत होते. “ऐकू यायचं तेव्हा मी वळायचो. वळून बघितलं की ते असेल तिथे थांबायचं. पुढे यायचं नाही. दिवसभर तेच तर करत होतो मी. आता कधी वळायचं ते कळत नाही.”

सोल्वेग तशीच उभी राहिली. रात्री मशीन काढल्यावर बरं का वाटत नाही, हे आता न विचारताच कळलं.  दार धरून उभे राहणारे बाबा, मान वळवणारे बाबा. ती त्याला म्हातारपण म्हणाली होती. म्हातारा आपला एकटाच पहारा देत होता आणि तिने, त्याच्या पोटच्या पोरीने, स्वतः खोटं बोलून, भांडून, त्याचा कान काढून घेतला होता.

“मी परत टाकते,” ती म्हणाली. “फिक्स. तुमच्या मशीनवर आत्ता टाकते. लॅपटॉप गाडीत आहे, अर्ध्या तासाचं काम.”

“काय म्हणतेस?”

 तिने वाकून त्यांना घट्ट मिठी मारली, गाल त्यांच्या डाव्या गालाला लावला. त्याबरोबर मशीन बारीक शीळ घालू लागलं. ज्या घरात कानाचं मशीन आहे त्या घरात ही शीळ सगळ्यांना माहीत असते. कोणी गाल अगदी कानाशी आणला की आवाज माघारी फिरतो आणि मशीन केकाटायला लागतं. माणूस दूर झाला की गप्प.

“बोंबललं बघ!” बाबा हसले, डोळे मिटूनच. ऊन थेट तोंडावर येत होतं.

ती दूर झाली, शीळ थांबली. गाडीच्या किल्ल्या घ्यायला ती सिंकपाशी गेली. शेगडीवरची कॉफी उतू जायला आली होती म्हणून आधी तिने ती उतरवली, हातावर सांडली तशी नळ सोडून हात पाण्याखाली धरला. अर्ध्या तासाचं काम, ती मनात म्हणत होती. फिक्स माझा आहे, चांगला आहे, परत टाकायचा. बाबांना सगळं नीट ऐकू येईल. आज ऐकू येईल, आत्ता ऐकू येईल.

मागे पुन्हा शीळ सुरू झाली.

बाबा मशीन नीट बसवत असतील, तिला वाटलं. हात जवळ नेला तरी वाजतं ते. पण शीळ थांबेना. बारीक, एकसारखी, डाव्या मशीनची. तिने नळ बंद केला आणि वळून पाहिलं.

बाबा खिडकीतल्या उन्हात डोळे मिटून बसले होते. दोन्ही हात कपाभोवती होते. डोकं डावीकडे थोडं कललेलं होतं, कशावर तरी टेकल्यासारखं, आणि त्या बाजूचे पांढरे केस दबून सपाट झाले होते.

“बास गं आता,” बाबा हसत म्हणाले. “किती गार पडलाय गाल तुझा.”